पक्षाचा उमेदवार आणि पक्षाबाहेरचा उमेदवार : १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक, अमेरिकेतील प्राथमिक निवडणुका आणि महाराष्ट्र

प्रस्तावना

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की मुळशी तालुक्यातील आमच्या वर्गातही एक प्रश्न हमखास विचारला जातो. तेथील सामान्य मतदार पक्षाचा उमेदवार कोण असावा हे मतपेटीतून ठरवतो, मग आपल्याकडे तिकिटासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या का कराव्या लागतात? प्रश्न विचारणारे विद्यार्थी बहुधा पौड, माले, मुठा खोऱ्यातील असतात. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंतच्या निवडणुका त्यांनी जवळून पाहिलेल्या असतात. तिकीट, बंडखोरी, उपरा उमेदवार हे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. या प्रश्नाला राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात व्याख्येचे उत्तर आहे, परंतु त्याचे खरे उत्तर इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात ते १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. स्वतंत्र भारताच्या इतिहासात सत्ताधारी पक्षाचा अधिकृत उमेदवार राष्ट्रपतिपदासाठी पराभूत झाल्याचे हे एकमेव उदाहरण होय. त्या प्रसंगात महाराष्ट्राच्या चार व्यक्ती चार वेगवेगळ्या जागी उभ्या होत्या, ही बाब मराठी अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे.

आरंभीच एक शब्द स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत 'बाहेरचा उमेदवार' याचे किमान तीन अर्थ होतात : मतदारसंघाबाहेरचा, पक्षाबाहेरचा आणि राजकारणाबाहेरचा. पहिल्या अर्थाने आपण तो शब्द सहसा दूषण म्हणून वापरतो, जरी याच तालुक्यात १९२१ साली धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या सत्याग्रहाचे नेतृत्व पारनेरहून आलेल्या सेनापती बापटांनी केले होते आणि मावळ्यांनी त्यांना परके मानले नव्हते. अमेरिकेतील चर्चेत मात्र दुसरा व तिसरा अर्थच प्रधान असतो. या लेखातही तेच अर्थ अभिप्रेत आहेत.

शिकागो, १९६८

अमेरिकेत उमेदवार निवडण्याचा अधिकार मतदारांना पहिल्यापासून होता असा समज आपल्याकडे आढळतो. तो बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकात हा निर्णय पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी आणि त्यांच्यामागील स्थानिक पुढारी घेत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारणावाद्यांनी पुढाऱ्यांच्या या मक्तेदारीवर हल्ला चढवला. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली थेट प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला. तरीही पुढील सहा दशके अध्यक्षपदाच्या बाबतीत प्राथमिक निवडणुकीचे स्थान कौल अजमावण्यापुरतेच राहिले. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुसंख्य प्राथमिक निवडणुका जिंकूनही रिपब्लिकन उमेदवारी टॅफ्ट यांनाच मिळाली. १९५२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात केफॉव्हर यांच्या बाबतीत हेच घडले. अधिवेशनाने स्टीव्हन्सन यांची निवड केली.

ही व्यवस्था १९६८ साली मोडली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करीत मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी स्वपक्षाच्या विद्यमान अध्यक्षांविरुद्ध न्यू हॅम्पशायरमध्ये प्राथमिक निवडणूक लढवली. १२ मार्च रोजी त्यांना सुमारे ४२ टक्के मते मिळाली. ते जिंकले नव्हते. परंतु ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्राथमिक निवडणूक जिंकलेल्या रात्रीच रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाने, बाहेर रस्त्यांवर पोलीस आणि निदर्शक यांच्यात संघर्ष चालू असताना, ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. नोव्हेंबरमध्ये ते निक्सन यांच्याकडून पराभूत झाले. पक्षाने १९६९ मध्ये मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली उमेदवार-निवडीच्या सुधारणेसाठी आयोग नेमला. त्याच्या शिफारशींमुळे प्रतिनिधींची निवड खुली झाली, प्राथमिक निवडणुकांची संख्या झपाट्याने वाढली आणि रिपब्लिकन पक्षालाही त्याच वाटेने जावे लागले.

म्हणजे, ज्या वर्षी अमेरिकेतील एका पक्षाने उमेदवारीचे दार उघडण्यास प्रारंभ केला, त्याच वर्षी भारतातील सर्वांत मोठ्या पक्षातही उमेदवारीच्याच प्रश्नावर संघर्ष पेटला. दोन्हींची परिणती मात्र परस्परविरुद्ध दिशांना झाली.

बंगळूर ते दिल्ली, जुलै-ऑगस्ट १९६९

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पंतप्रधान इंदिरा गांधी आणि 'सिंडिकेट' या नावाने ओळखला जाणारा ज्येष्ठ नेत्यांचा गट यांच्यातील तणाव तोपर्यंत उघड झालेला होता. जुलैमध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले असता काँग्रेस संसदीय मंडळाने उमेदवार ठरवला. या मंडळात केवळ आठ सदस्य होते. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले; बहुमताने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांची निवड झाली. रेड्डींच्या बाजूने मत देणाऱ्यांत कामराज आणि मोरारजी देसाई यांच्यासमवेत महाराष्ट्राचे दोन नेते होते : स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण.

या दोघांचे एका बाजूला असणे हीच मुळात लक्षणीय गोष्ट होती. पाटील सिंधुदुर्गातून आलेले, मुंबई प्रदेश काँग्रेसवर दीर्घकाळ पकड असलेले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे कठोर विरोधक. चव्हाण महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री आणि या वेळी केंद्रात गृहमंत्री. पाटलांचे मत अपेक्षितच होते. चव्हाणांच्या मताने मात्र पंतप्रधानांचा गट अल्पमतात गेला, आणि त्या मतामागील कारणांविषयी पुढे पुष्कळ तर्क झाले. चव्हाणांच्या टीकाकारांना त्यात त्यांची कुंपणावर बसण्याची वृत्ती दिसली. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे. ज्या संघटनेत जिल्हा, प्रदेश आणि केंद्र अशा पायऱ्यांनी चव्हाण घडले, त्या संघटनेत मंडळाचा बहुमताचा निर्णय हाच पक्षाचा निर्णय मानला जाई. कऱ्हाडपासून दिल्लीपर्यंतची त्यांची सारी वाटचाल या संकेतावर उभी होती. पंतप्रधानांची इच्छा आणि मंडळाचे बहुमत यांत अंतर पडेल तेव्हा काय करायचे, याचे उत्तर त्या संकेतात नव्हते.

पुढील घटना अतिशय वेगाने घडल्या. गिरी यांनी स्वतंत्र उमेदवारी जाहीर केली. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडील अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, २० जुलैला गिरी यांनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना हंगामी राष्ट्रपती व्हावे लागले. विशेष म्हणजे रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर स्वतः इंदिरा गांधींची स्वाक्षरी होती. त्यानंतर पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या नेत्यांची भेट घेऊन त्यांच्या सदस्यांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत असा प्रयत्न केला. पंतप्रधानांच्या गटाला हेच निमित्त पुरले. काँग्रेसच्या खासदार-आमदारांना पक्षादेशाने बांधू नये, प्रत्येकाने सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे, अशी मागणी पुढे आली. मतदान १६ ऑगस्टला झाले.

चिंतामणराव देशमुख आणि पांडुरंग राजभोज

या निवडणुकीची हकिगत सांगताना गिरी व रेड्डी यांच्यापाशीच थांबण्याची प्रथा आहे. वस्तुतः रिंगणात पंधरा उमेदवार होते, आणि तिसऱ्या क्रमांकावर चिंतामण द्वारकानाथ देशमुख होते. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला होता.

देशमुख मूळचे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. जन्म महाडजवळच्या नाते या गावी १८९६ सालचा. मुळशीहून ताम्हिणी घाट उतरले की जो मुलूख लागतो, तोच हा. आय.सी.एस. परीक्षेतील उज्ज्वल यश, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू आणि शिवाय मेघदूताचे मराठी अनुवादक. निवडणुकीचा अनुभव त्यांना नव्हता असे नाही. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले होते. परंतु पक्षकार्यकर्ता म्हणून ते कधी वाढले नाहीत. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा निर्णय मंत्रिमंडळात पुरेशी चर्चा न होता घेतला गेला, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे, निर्णय कोणी आणि कोठे घ्यावा हाच प्रश्न तेरा वर्षांपूर्वीही त्यांच्यासमोर होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने १९६९ चे चित्र म्हणूनच विलक्षण ठरते. मुंबईसाठी केंद्रीय मंत्रिपद सोडणारा मराठी माणूस राष्ट्रपतिपदासाठी उभा होता. पहिल्या मराठी राष्ट्रपतीची शक्यता, दुबळी का होईना, समोर होती. परंतु राज्यातील सत्ताधारी पक्षाचे दोन्ही ज्येष्ठ नेते आंध्रच्या रेड्डींसाठी वचनबद्ध होते. देशमुखांना पाठिंबा देणाऱ्या पक्षांपैकी कोणाचेही या राज्यात मोठे बळ नव्हते. त्यांची उमेदवारी जिंकण्यासाठी उभी केलेली नव्हतीच. विद्वत्ता आणि सचोटी यांचा लौकिक असलेल्या माणसाभोवती दोन पक्षांनी आपली मते एकत्र करायची आणि दुसऱ्या पसंतीच्या वेळी सौदा करायचा, असे तिचे स्वरूप होते. 'राजकारणाबाहेरचा उमेदवार' हा पुष्कळदा राजकारणातल्यांनीच शोधलेला असतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

उमेदवारांच्या यादीत आणखी एक मराठी नाव होते : पांडुरंग नथुजी राजभोज. १९२९ च्या पर्वती मंदिर सत्याग्रहातील एक अग्रणी, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस आणि पहिल्या लोकसभेत सोलापूरचे प्रतिनिधी. त्यांना कोणत्याही मोठ्या पक्षाचा पाठिंबा नव्हता.

मतमोजणी २० ऑगस्टला झाली. या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरत असते; १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील आमदाराच्या एका मताचे मूल्य १४६ इतके होते. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मते पडली. राजभोज यांच्या वाट्याला ८३१ मते, म्हणजे मोजक्याच मतदारांचा पाठिंबा आला. एकूण वैध मते ८,३६,३३७ असल्याने विजयासाठी ४,१८,१६९ मतांची आवश्यकता होती. कोणीही तेथवर पोहोचले नाही. मागील उमेदवार एकेक करून बाद होत त्यांची पुढील पसंतीची मते हस्तांतरित झाली, तेव्हा गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले.

हे आकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. हस्तांतरणात रेड्डींच्या मतांत सुमारे ९२ हजारांची भर पडली, गिरींच्या मतांत केवळ साडेअठरा हजारांची. म्हणजे निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीची केलेली जुळवाजुळव बऱ्याच अंशी यशस्वी झाली होती. पराभव झाला तो पहिल्या पसंतीत, स्वतःच्याच पक्षाच्या मतांत. चौदा हजार सहाशे पन्नास मूल्याच्या फरकाने पक्षाच्या अधिकृत उमेदवारावर पक्षाच्याच पंतप्रधानांनी मात केली होती. गिरी यांना 'बाहेरचा उमेदवार' म्हणणे त्यामुळे कठीणच आहे. ते जुने काँग्रेसजन आणि कामगार नेते, माजी केंद्रीय मंत्री, राज्यपाल व उपराष्ट्रपती होते. ते बाहेर होते ते फक्त आठ जणांच्या एका मंडळाच्या निर्णयाच्या.

दार उघडले, दार मिटले

निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. रेड्डींची बदनामी करणारे एक पत्रक संसद सदस्यांत वाटले गेले, हा त्यातील प्रमुख आरोप होता. राष्ट्रपतिपदावर असताना गिरी स्वतः साक्षीसाठी न्यायालयात उपस्थित राहिले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. नोव्हेंबर १९६९ मध्ये इंदिरा गांधींची पक्षातून हकालपट्टी होऊन काँग्रेस दुभंगली होती. चव्हाण या वेळी पंतप्रधानांसोबत राहिले, स. का. पाटील संघटना काँग्रेसमध्ये गेले आणि पुढे राजकीय दृष्ट्या मागे पडले.

सदसद्विवेकबुद्धीच्या घोषणेचा पुढे काय परिणाम झाला? तिच्यातून पक्षांतर्गत लोकशाहीचा विस्तार झाला असता, तर शिकागोनंतरच्या अमेरिकेशी आपली तुलना सार्थ ठरली असती. प्रत्यक्षात संसदीय मंडळाचा अधिकार मोडला, पण तो खाली मतदारांकडे किंवा सामान्य सभासदांकडे गेला नाही, वर गेला. महाराष्ट्राला याचा अनुभव लवकरच आला. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक फेब्रुवारी १९७५ मध्ये दिल्लीच्या निर्णयाने पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाण आले. १९८० मध्ये बॅरिस्टर अंतुले, १९८२ मध्ये बाबासाहेब भोसले ही नावेही तेथूनच निश्चित झाली. १९६९ पूर्वीही तिकिटे वरूनच ठरत, हे मान्य करावे लागेल. पण तेव्हाच्या 'वर'मध्ये प्रदेश समितीचे, जिल्ह्यातील पुढाऱ्यांचे आणि सहकारी संस्थांतील वजनदार मंडळींचे म्हणणे धरावे लागे. एका मंडळातील मतभेदात निदान चव्हाणांच्या एका मताला किंमत होती.

कायद्यानेही दार मिटले. १९६९ पर्यंत राष्ट्रपतिपदासाठी अर्ज भरणे सोपे होते. १९६७ मध्ये सतरा उमेदवार होते. १९७४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत यांची अट आली, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत उमेदवार उरले दोन. १९९७ मध्ये ही संख्या पन्नास व पन्नास, अनामत पंधरा हजार झाली. हौशी उमेदवारांना आळा घालण्याचा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि राजभोज यांच्यासारख्या माणसाला त्या मतपत्रिकेवर आपले नाव नोंदवणे यानंतर शक्य राहिले नाही. रेड्डी मात्र १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले; त्या वर्षी सदतीस अर्जांपैकी एकच वैध ठरला होता.

अमेरिकेत दार उघडे राहिल्याचे परिणाम केवळ शुभ झाले असे मानण्याचे कारण नाही. १९७२ मध्ये नव्या नियमांचे लाभार्थी खुद्द मॅकगव्हर्न ठरले आणि पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले. १९७६ मध्ये जॉर्जियाचे फारसे परिचित नसलेले माजी गव्हर्नर कार्टर त्याच मार्गाने अध्यक्ष झाले. डेमोक्रॅटिक पक्षाने १९८४ पासून पदसिद्ध प्रतिनिधींना अधिवेशनात मत देऊन दार थोडे ओढून घेतले. सँडर्स यांच्या समर्थकांच्या तक्रारीनंतर २०१८ मध्ये त्यांचा पहिल्या फेरीतील मताधिकार बहुतांशी काढून घेण्यात आला. रिपब्लिकन पक्षात असा अडसर नव्हता. २०१६ मध्ये कोणतेही शासकीय पद न भूषवलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी पक्षाच्या बहुतेक नेत्यांच्या इच्छेविरुद्ध प्राथमिक निवडणुका जिंकल्या. आणि २०२४ मध्ये प्राथमिक निवडणुका जिंकलेले अध्यक्ष बायडेन जुलैमध्ये बाजूला झाल्यावर, एकाही प्राथमिक निवडणुकीतून न आलेल्या कमला हॅरिस यांना पक्षाने उमेदवारी दिली. हम्फ्री यांच्यानंतर छप्पन्न वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्ष पुन्हा तेथेच आला.

वर्धा आणि लातूर

महाराष्ट्रात १९६९ चा प्रतिध्वनी दोनदा उमटला. पहिला २००७ मध्ये, जेव्हा प्रतिभा पाटील संयुक्त पुरोगामी आघाडीच्या उमेदवार होत्या आणि भैरोंसिंह शेखावत अपक्ष म्हणून, परंतु राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्यावर उभे होते. शिवसेना त्या आघाडीत असूनही बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून पाटील यांना पाठिंबा दिला. देशमुखांच्या वाट्याला १९६९ मध्ये न आलेले असे हे पक्षापलीकडचे मतदान होते.

दुसरा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने राहुल गांधींच्या पुढाकाराने देशातील मोजक्या मतदारसंघांत अमेरिकी धर्तीवर उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला. त्यांत वर्धा आणि लातूर होते. मतदार मात्र सामान्य नागरिक नव्हते. पक्षाचे पदाधिकारी आणि स्थानिक संस्थांतील निवडून आलेले सदस्य एवढ्यांनाच मताधिकार होता. अशा मर्यादित मतदारवर्गात ज्याच्या मागे आधीच संघटना किंवा संस्था उभी आहे तोच सरस ठरणार, हे उघड होते. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांच्यावर मात केली; टोकस याही ज्येष्ठ नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. बाहेरच्यासाठी उघडलेल्या दारातून घरचेच आत आले. लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. गुजरातमधील वडोदऱ्यात तर पक्षांतर्गत निवडणूक जिंकलेल्या नरेंद्र रावत यांना, समोर नरेंद्र मोदी उभे राहणार असे ठरताच, मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी माघार घ्यावी लागली.

मे २०१४ मध्ये वर्ध्यात भारतीय जनता पक्षाचे रामदास तडस आणि लातुरात सुनील गायकवाड विजयी झाले. त्याच वर्षी दत्ता मेघे भारतीय जनता पक्षात गेले. २०१९ मध्ये वर्ध्याची काँग्रेस उमेदवारी, या वेळी नेहमीच्या पद्धतीने, चारुलता टोकस यांना मिळाली आणि त्याही तडस यांच्याकडून पराभूत झाल्या. २०२४ मध्ये तडस यांना हरवले ते अमर काळे यांनी. काळे आर्वीचे काँग्रेसचे माजी आमदार. जागावाटपात वर्धा राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाकडे गेल्यामुळे उमेदवारीसाठी ते त्या पक्षात दाखल झाले होते.